दिवाळीनंतर व्हिएतनाम, तिघे जण, माणशी ७० हजार: जमेल का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी, बायको आणि आई असे तिघे दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आठ रात्रींसाठी व्हिएतनामला जायचं म्हणतोय. आईचं वय ६७, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. आम्ही नाशिकचे, विमान मुंबईहून. एका टूरवाल्याने हनोई, हा लाँग बे, दा नांग, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी असा कार्यक्रम देऊन माणशी ९८ हजार सांगितलेत. व्हिसा, टिपा आणि रात्रीची जेवणं वेगळी. आमचं बजेट माणशी ७०, ओढूनताणून ७५.

स्वतः आखलं तर एवढ्यात बसेल का? व्हिसा एजंटाशिवाय निघतो का? आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही, तिचं काय? आणि पैसे न्यायचे कसे, डॉलर, कार्ड की आणखी काही? आकड्यांसकट सांगितलंत तर बरं होईल.

भटका हिशेबनीस

बसेल, पण तो कार्यक्रम तसाच ठेवून नाही. त्यातली तीन शहरं एकमेकांपासून लांब आहेत. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेने १,७२६ किलोमीटर. म्हणून टूरवाले मध्ये दोन देशांतर्गत विमानं घालतात. प्रत्येक विमान म्हणजे बॅगेसकट माणशी पाचएक हजार आणि अर्धा दिवस विमानतळावर.

दुसरी गोष्ट पैशांहून महत्त्वाची. दा नांग, होई आन, ह्युए हा मधला पट्टा आहे आणि तिथला पावसाळा आपल्यासारखा जून ते सप्टेंबर नसतो. ईशान्येकडून येणारे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन थेट त्या डोंगररांगेवर आदळतात, त्यामुळे तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धो धो पाऊस असतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर होई आनच्या जुन्या गावातून होड्या फिरत होत्या. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी आणि त्यांचा पूर एकाच वेळी येतो. पॅकेजचा कागद मात्र बारा महिने तोच. याच नोव्हेंबरात उत्तर व्हिएतनाम कोरडं आणि दिवसा पंचवीसच्या आसपास असतं. तेव्हा फक्त उत्तर करा आणि मुंबई-हनोई-मुंबई असं सरळ जाऊन-येऊन तिकीट काढा.

माझ्या मते आठ रात्री अशा: हनोई २, निन्ह बिन्ह २, कात बा बेट २, परत हनोई २. निन्ह बिन्हहून कात बाला थेट बस मिळते, फेरीबोट त्याच तिकिटात, चार-पाच तास. हनोईला वळसा घालायची गरज नाही.

निन्ह बिन्ह हनोईपासून ९५ किलोमीटर. रेल्वेने सव्वादोन तास, किंवा नऊ-दहा आसनी 'लिमोझिन' व्हॅन (नाव भारी, गाडी आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या जातीची) हॉटेलच्या दारातून उचलते, दोन-अडीच लाख डोंग (तिथलं चलन, एक लाख म्हणजे साडेतीनशे रुपये). आई बरोबर असल्याने व्हॅन घ्या. मुक्काम निन्ह बिन्ह शहरात नको, ताम कोक गावात करा. तिथली चांग आनची नौकासफर माणशी अडीच लाख डोंग, एका होडीत चार जण, सुमारे तीन तास. होडी चुनखडीच्या गुहांतून जाते. छत इतकं खाली येतं की बसल्या जागी वाकावं लागतं, पण चालणं जवळपास नाही. वाटेत देवळांपाशी उतरवतात, तिथे पायऱ्या आहेत. आईंनी होडीतच बसून राहिलं तरी चालतं. हांग मुआच्या टेकडीवरचा फोटो सगळे टाकतात, पण वर जायला ५०० च्या आसपास उंच दगडी पायऱ्या आहेत. तुम्ही दोघं सकाळी साडेसहाला उरका, आई खाली बागेत थांबतील.

हा लाँगऐवजी कात बा सुचवतोय, कारण हा लाँगच्या एका रात्रीच्या क्रूझला माणशी १०० डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. कात बाला लागून असलेल्या लान हा बेमध्ये तेच चुनखडीचे सुळके आणि बोटी कमी. तिथल्या दिवसभराच्या बोटीला जेवणासकट सहा-सात लाख डोंग पडतात. कयाकिंग आईंना नको असेल तर बांबूची होडी मागा, ती वल्हवायला माणूस असतो. बंदर प्रशासनाने वादळाची सूचना काढली की बोटी बंद होतात, म्हणून दोन रात्री ठेवल्यात. एक दिवस गेला तरी दुसरा हातात राहतो.

उत्तरेतलं डोंगराळ सापा टाळा. भातशेतीच्या पायऱ्यांची कापणी सप्टेंबरात होऊन जाते. नोव्हेंबरात तिथे चिखल, धुकं आणि कापलेली बुडखं.

माणशी हिशेब: विमान ३२,००० (दिवाळीच्या सुट्टीचं भाडं धरलंय, एरवी पंचवीसच्या आतबाहेर), व्हिसा २,४००, तिघांची एक खोली रोजचे ३,५०० धरून ९,४००, बस-व्हॅन-टॅक्सी ४,५००, तिकिटं आणि बोट ६,५००, जेवण ७,०००, विमा आणि सिम १,५००. बेरीज ६३,३००. वर पाचएक हजार हाताशी ठेवा. नाशिक-मुंबई यात धरलेलं नाही.

विमानाचं एक सांगतो. व्हिएतजेटचं स्वस्त भाडं म्हणजे फक्त ७ किलो, त्यात हातातली पर्सही आली, आणि ते काउंटरवर वजन करतात. चेक-इन बॅग तिकिटाबरोबरच विकत घ्या, विमानतळावर तीच कितीतरी महाग पडते. तिघांत मिळून २० किलोची एकच पुरते. व्हिएतनाम एअरलाइन्सच्या भाड्यात सहसा बॅग आणि जेवण धरलेलं असतं, त्यामुळे पहिल्या पानावरचे आकडे पाहून ठरवू नका. पैसे भरायच्या पानापर्यंत दोन्हीकडे जा आणि तिथला आकडा ताडून बघा. परतीचा रविवार सोडून मंगळवार-बुधवार घेतला तर बऱ्याचदा फरक पडतो.

तिकीटखिडकी

वरचा मार्ग पटला. व्हिसाबद्दल लिहितो, कारण एजंट यात माणशी दीड-दोन हजार जास्तीचे घेतात आणि फॉर्म भरताना चुका करतात त्या वेगळ्याच.

ई-व्हिसा २५ डॉलरला, एकदाच प्रवेश, ९० दिवसांपर्यंत. अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलरला, तुम्हाला तो नको. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' असा असतो. सर्चमध्ये वरती दिसणारे बरेच पत्ते दलालांचे असतात, दिसायला हुबेहूब. जिथे ६०-७० डॉलर मागतील ते पान बंद करा.

लागतं काय? पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा स्वच्छ फोटो आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर चष्म्याशिवाय चेहऱ्याचा फोटो. पासपोर्ट सहा महिने तरी वैध हवा. पासपोर्टच्या फोटोत खालच्या दोन ओळी, बाणांच्या खुणा असलेल्या, पूर्ण आल्या पाहिजेत. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकून एखादं अक्षर पुसलं जातं आणि अर्ज दुरुस्तीला परत येतो. दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून काढा.

फॉर्म भरताना आपल्याकडे हमखास घोळ होतो तो नावात. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. फॉर्मवरही तसंच भरायचं, मधलं नाव गाळायचं नाही. आईंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल (जुन्या पासपोर्टांत असतो) तर सगळं नाव जिथे छापलंय तिथेच भरा आणि विमानाचं तिकीटही त्याच नावाने काढा. पासपोर्ट क्रमांकात ओ आणि शून्याची अदलाबदल तपासा. भरून झालं की एकाने पासपोर्ट वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवत जुळवायचं. फी परत मिळत नाही आणि विमानतळावर एका अक्षरावरूनही चेक-इन अडतं.

तारीख म्हणजे उतरण्याची तारीख, निघण्याची नव्हे. पण विमान मध्यरात्रीच्या आसपास उतरणार असेल तर सुरुवात एक दिवस आधीची टाका. व्हिसाच्या पहिल्या दिवसाआधी पाच मिनिटंही आत सोडत नाहीत, नंतर मुदतीत कधीही गेलात तरी चालतं. प्रवेशाचं ठिकाण नोई बाई, म्हणजे हनोईचं विमानतळ, निवडा. व्हिसावर तेच छापून येतं आणि तिथूनच आत जायचं.

तीन कामकाजाचे दिवस असं लिहिलेलं असतं. शनिवार-रविवार आणि त्यांच्या सुट्ट्या त्यात मोजत नाहीत, शिवाय दुरुस्ती आली तर घड्याळ पुन्हा सुरू. प्रवासाच्या तीन आठवडे आधी अर्ज टाका. नोंदणी क्रमांक लगेच लिहून ठेवा, ईमेल आली नाही तरी त्या क्रमांकावरून स्थिती बघता येते. व्हिसा हातात आल्यावर प्रत्येक रकाना परत वाचा, त्यांच्याकडूनही टंकनात चूक होते. कागदावर दोन प्रती काढा, फोनमधल्या पीडीएफवर भिस्त ठेवू नका.

गोदाकाठ

दोघांचे आभार. होई आन गेलं म्हणून बायको जरा हिरमुसली आहे, पण पुराचे व्हिडिओ दाखवल्यावर गप्प झाली. आता दोन शंका. कोलकात्याहून किंवा क्वालालंपूरमार्गे तिकीट चार-पाच हजारांनी स्वस्त दिसतंय, घ्यावं का? आणि हनोईत स्कूटर भाड्याने घेतली तर टॅक्सीचे पैसे वाचतील का?

भटका हिशेबनीस

मार्ग बदलण्याआधी एक बघा, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का. असतील तर हरकत नाही. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी एक पैसा परत देत नाही. क्वालालंपूरला बॅग घेऊन बाहेर यायचं, म्हणजे मलेशियात प्रवेश करायचा. भारतीयांना तिथे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत व्हिसा लागत नाही, पण त्यांचं डिजिटल आगमनपत्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. वर दोन टर्मिनल वेगळी आहेत, मध्ये ट्रेन. पाच तासांचं अंतर ठेवायचं, तिथे खायचं, बॅगेचे पैसे दोनदा भरायचे. वाचलेल्या पाच हजारांतले तीन तिथेच जातात. एकटा तरुण असता तर घे म्हटलं असतं. आईंना घेऊन थेट विमान.

स्कूटर नको, आणि कारण हनोईची गर्दी नाही. आपलं आरटीओ जो आंतरराष्ट्रीय परवाना देतं तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतं. दुकानदार पासपोर्ट बघून गाडी देईल, त्याला काय! पण कायद्याने तुम्ही विनापरवाना. पोलिसांनी धरलं तर दंड, आणि अपघात झाला तर विमा कंपनी वैध परवाना नव्हता म्हणून हात वर करते. ताम कोकमध्ये सायकली मिळतात, बहुतेक हॉटेलं फुकट देतात. हनोईत ग्रॅब किंवा शान्ह एसएम ही दोन ॲपं ठेवा, भाडं आधी दिसतं, पैसे रोख देता येतात. विमानतळावर 'टॅक्सी, टॅक्सी' करत मागे येणाऱ्यांकडे बघूही नका. दिवसा उतरलात तर ८६ नंबरची बस जुन्या शहरात नेते, माणशी ४५ हजार डोंग.

चटणीभाकर

आईंच्या जेवणाचं मी सांगते. लक्षात ठेवायचा शब्द आहे 'आन चाय', म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. पाट्यांवर 'कॉम चाय' किंवा 'क्वान चाय' असं असतं. हा शब्द त्यांच्या लिपीत, खुणांसकट, फोनमध्ये मोठ्या अक्षरांत साठवून ठेवा. बोलून दाखवायला जाऊ नका, सूर चुकला की शब्दच बदलतो. नकाशावरही त्यांच्याच लिपीत शोधा, इंग्रजीत 'व्हेज' टाकलंत तर महागडी हॉटेलंच समोर येतात.

'मांस नको' एवढं सांगणं पुरत नाही. मासळीचं खारवलेलं पाणी, न्युक माम, त्यांच्याकडे मिठाच्या जागी पडतं, परतलेल्या पालेभाजीतसुद्धा. फो या नूडल्सच्या पदार्थाचा रस्सा हाडांचा असतो. वरून टोफू टाकून 'व्हेजिटेरियन' म्हणून पुढे येतो. म्हणून आईंचं जेवण चायच्या दुकानातच. तिथे ताटभर भात, तीन-चार भाज्या आणि सार मिळून पन्नास-साठ हजार डोंग, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. कडक चायमध्ये कांदा-लसूणही नसतो. फक्त आईंना आधी कल्पना देऊन ठेवा: सोयाबीनचे तुकडे मटणासारखे, कोळंबीसारखे दिसतील असे केलेले असतात. ते बघून त्या ताट सरकवतील. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक चाय पाळतात. त्या दिवशी या दुकानांत दुपारी रांग असते, पण पदार्थही जास्त असतात.

कात बाला पंचाईत होईल. बोटीवरचं जेवण ठरलेलं असतं, त्यांना आदल्या दिवशी लेखी कळवा. तरी आईंच्या वाट्याला भात, टोफू आणि उकडलेली कोबी येईल असं धरून चाला. इथे मेतकूट आणि लिंबाचं लोणचं कामाला येतं. लोणचं चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत. केबिनमध्ये ते द्रव पदार्थात धरून काढून घेतात. खोलीत बहुधा किटली असते, त्यामुळे दडपून ठेवायचे पोहे, उपमा यांची कोरडी पाकिटं नेलीत तर सकाळ निभावते. हनोईच्या जुन्या शहरात भारतीय हॉटेलं आहेत, पण एका थाळीच्या पैशांत चायची तीन जेवणं होतील.

आईंची औषधं मूळ पट्ट्यांतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, केबिनच्या बॅगेत. विमा घेताना रक्तदाब, मधुमेह असेल तर लपवू नका. हप्ता थोडा वाढतो, पण दावा नाकारायला तेच पहिलं निमित्त असतं.

रोकडा

पैशांचं राहिलं म्हणून. आपला एक रुपया म्हणजे २९० च्या आसपास डोंग. तोंडी हिशेब: शेवटची तीन शून्यं झाका आणि साडेतीनने गुणा. एक लाख डोंग, शंभर गुणिले साडेतीन, ३५० रुपये.

डोंग भारतातून घेऊ नका, दर मारून देतात. डॉलर न्या, तिघांत मिळून सातशे-आठशे, १०० च्या कोऱ्या नोटा. घडीवर फाटलेली किंवा पेनाची खूण असलेली नोट तिथे नाकारतात किंवा दर पाडतात, आणि लहान नोटांना दर कमी. इथे घेताना पॅन, पासपोर्ट, तिकीट लागतं. पावती जपून ठेवा. विमानतळावर ५० डॉलरच बदला, बाकी शहरात बँकेत किंवा परवाना असलेल्या बदलकेंद्रात. रुपये नेऊन उपयोग नाही.

फॉरेक्स कार्डावर डोंग सहसा भरता येत नाहीत. डॉलरचं कार्ड डोंगमध्ये वापरलं की चलनबदलाचे पैसे पुन्हा कापतात. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनासाठी बँकेचं जादा शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून चार टक्क्यांच्या वर. मार्कअप नसलेलं कार्ड असेल तर हॉटेलसाठी तेच. मशीन 'रुपयांत की डोंगमध्ये' विचारेल, नेहमी डोंग. रुपये निवडलेत की दर त्यांच्या मर्जीचा. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा, तो मुळात बंद असतो. भारतीय सिमवर रोमिंग इथूनच चालू करा, नाहीतर ओटीपी येणार नाही; डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा.

नोटांचं सांभाळा. २० हजारांची निळी आणि पाच लाखांचीही निळी, दोन्हींवर हो ची मिन्ह. एक ७० रुपयांची, दुसरी साडेसतराशेची. संध्याकाळी फुटपाथवर, अंधूक उजेडात गल्लत होते. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि हॉटेलात मोडून घ्या.

एका बाबतीत हिशेबनीसांशी मतभेद. शेवटच्या दोन रात्री हनोईत कशाला? एकच ठेवा आणि निन्ह बिन्हला तीन करा. हनोईत हिवाळ्याकडे हवा धुरकट होते, आईंना दमा असेल तर जास्तच.

भटका हिशेबनीस

दमा असेल तर मान्य. नसेल तर दोनच ठेवा, कारण कात बाची फेरी किंवा बस एखाद दिवस अडली तर ती जादा रात्र विमान वाचवते.

गोदाकाठ

दमा नाही, दोन ठेवतो. हनोईत तिघांची खोली २,४०० ला दिसतेय, चार तारे, नाश्त्यासकट. इतकी स्वस्त कशी? काही गोम आहे का?

चटणीभाकर

खोलीच्या वर्णनात 'खिडकी नाही' किंवा 'आतली खोली' असं बारीक अक्षरांत लिहिलंय का बघा. जुन्या शहरातली घरं रुंदीला तीन-चार मीटर आणि आत लांबच लांब, त्यामुळे मधल्या खोल्यांना खिडकीच नसते. दारामागे पडदा लावलेला असतो, उघडला तर भिंत. दुसरं, लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून आहे का की पहिला जिना चढून. तिसरं, हॉटेल ता हिएन गल्लीपासून किती लांब. तिथे मध्यरात्रीपर्यंत बिअर आणि गाणी चालतात. या तिन्ही गोष्टी हॉटेलला मेसेज करून विचारा, उत्तर लेखी ठेवा आणि फुकट रद्द करता येईल असंच आरक्षण घ्या.